तिसऱ्या गाण्यालाच शो गुंडाळला: दोष पोट्ट्यांचा की पास वाटणाऱ्यांचा?

धंतोलीकर

मागच्या शनिवारी नागपुरात वर्धा रोडवरच्या एका लॉनवर रॉक बँडचा शो होता. बँडचं अन् आयोजकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाद नावावर घसरतो आणि मुद्दा राहून जातो. साडेसातचा शो सव्वानऊला सुरू झाला. तिसरं गाणं अर्ध्यावर असताना आवाज गेला, सगळे हॅलोजन लागले आणि माईकवरून कोणीतरी सांगितलं की सुरक्षेच्या कारणाने कार्यक्रम इथेच थांबवतोय. मग पाण्याच्या बाटल्या उडाल्या, खुर्च्या मोडल्या, एलईडी पडद्याचे दोन पॅनल फुटले. सुदैवाने जीव कोणाचा गेला नाही. काही मुलींना मात्र बॅरिकेडवरून उचलून बाहेर काढावं लागलं.

रविवारी सकाळपासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच सूर: पोरं माजलीत, नागपूरची लायकी नाही, आता मोठा बँड इकडे फिरकणार नाही.

मला हे मान्य नाही. शो थांबवला ते बरोबरच केलं. पण थांबवायची पाळी आणली ती गेटवर आणि गेटच्या मागे बसलेल्यांनी.

हे लॉन म्हणजे लग्नाचं लॉन. समोर एक सजवलेली कमान, मागे स्वयंपाकाच्या बाजूला एक लोखंडी फाटक, बाकी सगळीकडे भिंत. लग्नाला तिथे दीड-दोन हजार माणूस आरामात मावतं, कारण ते एकदम येत नाही. कोणी आठला आहेर देऊन जेवून निघतं, कोणी दहाला उगवतं. शोला सगळे एकाच वेळी येतात, एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात आणि कोणालाच मागे राहायचं नसतं. शिवाय पास तीन तऱ्हेचे. ऑनलाइन तिकीटवाले, प्रायोजकांचे पासवाले आणि 'भाऊंनी सांगितलं' वाले. साडेआठच्या सुमारास स्कॅनरचं नेटवर्क बसलं, तेव्हा बाउन्सर मोबाइलच्या पडद्यावर काहीतरी चौकटी-चौकटीचं दिसलं की सोडून देत होते. एकाच तिकिटाचा स्क्रीनशॉट चौघांच्या मोबाइलमध्ये मी स्वतः पाहिला.

यात नवीन काही नाही. जगातला पहिला रॉक अँड रोल शो म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो १९५२ च्या २१ मार्चला अमेरिकेत क्लीव्हलँडला झाला. सभागृह साधारण दहा हजारांचं, लोक आले त्याच्या दुपटीने. नकली तिकिटं तर होतीच, शिवाय पुढच्या कार्यक्रमाची तिकिटं तारीख न छापताच बाजारात गेली होती. दारं तुटली, पहिल्याच गाण्यानंतर शो बंद. म्हणजे रॉक शोचा इतिहासच तिकिटांच्या घोळाने सुरू झालाय. 

तुमचं काय म्हणणं?

बर्डीचा_राजू

धंतोलीकर भाऊ, तुम्ही पोट्ट्यांची लयच बाजू घेऊन राहिले. मी बी होतो तिथं. गेट लहान होतं, हाव, मान्य. पण गेटनं कोणाले सांगतलं का बावा, स्पीकरच्या टॉवरवर चढ म्हणून? चार पोट्टे वर चढले, शर्ट काढून फिरवून राहिले, खाली त्यांचे दोस्त व्हिडिओ काढून राहिले. तो टॉवर आडवा झाला असता तं? एक पोट्टी तं गायकाचं नाव घेऊन अशी रडून राहिली होती जशी घरात मयत झाली. याले वेडच म्हणतात.

अन् एक सांगा. गावात गौतमी पाटीलच्या कार्यक्रमाले पत्रे मोडले, का तुम्ही लोकं म्हणता पोट्टे आवारा. इथं तिकिटाचे पैसे भरणाऱ्या साहेबलोकांच्या पोट्ट्यांनी खुर्च्या मोडल्या, तं लगेच नियोजनाची चूक! वा रे वा.

दोन काठ्या सुरुवातीलेच बसल्या असत्या तं पुढचं काहीच झालं नसतं.

मिहानवाली

राजूभाऊ, तुम्ही नेमके कुठे उभे होता? मागे, खाण्याच्या स्टॉलकडे असाल तर तुम्हाला वेडच दिसलं असेल.

मी बॅरिकेडपासून चौथ्या रांगेत होते. दुसऱ्या गाण्यापर्यंत मजाच होती. मग मागून दाब आला. धक्का नाही, दाब. धक्का बसला की माणूस सावरतो, हा सुटतच नव्हता. माझे पाय जमिनीवर टेकले होते, पण अंगाचा भार पायांवर नव्हता. आजूबाजूच्या अंगांनी मला धरून ठेवलं होतं. स्लिंग बॅगचा पट्टा एका मुलाच्या कोपरात अडकला आणि तो डावीकडे सरकला तसा माझा गळा आवळायला लागला. पट्टा सोडवायला हात खाली आणायचा, तर हात आधीच्या गाण्याला वर गेलेला, आता खाली यायला जागाच नाही. शेजारच्या मुलीने कसंबसं बकल दाबलं. बॅग गेली. मोबाइल, घराची किल्ली, सगळं गेलं.

मागच्यांना आमचे वर केलेले हात दिसत होते आणि किंचाळणं ऐकू येत होतं. आम्ही 'मागे व्हा, मागे व्हा' ओरडत होतो. गाणं चालू असताना मागून ते जल्लोषासारखंच ऐकू येतं. ज्या मुली उचलून काढल्या त्या गायकाला पाहून बेशुद्ध पडल्या नव्हत्या. त्यांना श्वास घेता येत नव्हता. रडणाऱ्या पोरीचं म्हणाल तर मीही रडत होते, आणि मला त्या गायकाचं नावही धड माहीत नाही, मी मैत्रिणीसोबत गेले होते.

कोथरूडकर

नागपुरात रॉक शो ठेवायचाच कशाला? तिकडे सावजी आणि संत्री पुरे आहेत. आमच्याकडे असं काही होत नाही.

साउंडवाला

कोथरूडकर, २०२३ च्या ३० एप्रिलला तुमच्याच पुण्यात ए. आर. रहमानचा शो दहा वाजून गेले म्हणून पोलिसांनी स्टेजवर येऊन बंद केला होता. बसा आता.

मुद्द्याचं बोलतो. या शोला माझा माल लागलेला नव्हता, पण वीस-एक वर्षं याच धंद्यात आहे. तीन गोष्टी.

गेटचा हिशोब कोणी करतच नाही. इंग्लंडमध्ये स्टेडियमच्या सुरक्षेसाठी ग्रीन गाइड नावाची पुस्तिका आहे. तिच्यात एका फिरत्या फाटकातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरतात. सगळं नीट चाललं तरी ६६०. इथे स्कॅनर होते चार. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी तासाला २,६४०. आठ हजार पब्लिक धरलं तर आत घ्यायलाच तीन तास पाहिजेत. साडेसातच्या शोला गेट साडेचारला उघडायला हवं होतं. उघडलं सहानंतर. बाहेर रांग सर्व्हिस रोडपर्यंत गेली, आतून साउंडचेकचा ड्रम ऐकू आला, लोकांना वाटलं झालं सुरू. तिथेच पहिली रेटारेटी झाली.

अमेरिकेत सिनसिनाटीला १९७९ च्या ३ डिसेंबरला 'द हू' या बँडच्या शोला हेच झालं. जागा ठरलेल्या नव्हत्या, जो आधी घुसेल तो पुढे. दारं थोडीच उघडली, बाहेरच्यांना वाटलं शो सुरू झाला. अकरा माणसं मेली, तीही दाराबाहेर. बँड तेव्हा स्टेजवर आलेलाही नव्हता. म्हणजे तिथे वेड कशाचं म्हणायचं?

दुसरी गोष्ट, पुढचं बॅरिकेड. इथे पोलिसांचं रस्त्यावरचं लोखंडी बॅरिकेड आणून बल्ल्यांना सुतळीने बांधलं होतं. शोचं बॅरिकेड वेगळं असतं. त्याला पुढच्या बाजूला पाय ठेवायची पाटी असते, पब्लिक तिच्यावर उभं राहतं आणि पब्लिकच्याच वजनाने ते जागेवर राहतं. ते भाड्याने मिळतं, पुण्या-मुंबईहून मागवावं लागतं. गाडीभाडं वाचवायचं म्हणून नाही मागवत. गायकाच्या मागच्या धुराच्या मशीनला मात्र पैसे असतात.

तिसरी गोष्ट राजूभाऊंसाठी. टॉवरवर पोट्टे चढले ते खरं आहे आणि त्यांना माझ्या हाती द्या. पण चढता आलं कारण टॉवरभोवती जाळी नव्हती. आम्ही जाळी लावतो. लावली की कोणी चढत नाही.

सोमलवाड्याच्या_काकू

तुमचं ते बॅरिकेड आणि ग्रीन गाइड राहू द्या. त्या लॉनच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. दुपारी दोनपासून ढाम ढाम सुरू. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, त्यांनी कानात कापूस घातला. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ची मर्यादा आहे ना? कोण मोजतं? शो लवकर बंद झाला याचा मला तरी आनंदच झाला. आणि नंतर दोन तास पोरं गाड्यांचे हॉर्न वाजवत आमच्याच गल्लीतून गेली. कोणी आमच्या फाटकाशी उलटी करून गेलं. ते धुतलं आमच्या बाईने. या धाग्यात तिची बाजू कोण मांडणार?

निवृत्त_ठाणेदार

काकूंचं बरोबर आहे. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद, हा २००० सालच्या नियमांचा भाग आहे, आणि बारापर्यंतची सूट वर्षात फार तर पंधरा दिवस, तीही सरकारने ठरवलेल्या. लॉनवाले लग्नसराईत काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे.

आता मूळ विषय. धंतोलीकर साहेब, शो थांबवला ते बरोबर, असं तुम्ही लिहिलंत. मी असहमत आहे. थांबवला त्यापेक्षा ज्या पद्धतीने थांबवला ते वाईट होतं. आठ हजार माणसांचा आवाज एकदम तोडायचा, दिवे लावायचे आणि एका ओळीत घरी जा म्हणायचं? बाहेर पडायला एकच कमान. तुम्ही स्टेजसमोरची गर्दी उचलून गेटवर नेऊन ठेवली, एवढंच झालं. शिवाय चिडलेली.

२०११ च्या ऑक्टोबरात गुरगावला मेटालिकाचा शो होता. पुढचं बॅरिकेड कोसळलं. आधी सांगितलं उद्या होईल, नंतर रद्दच. पब्लिकने स्टेजवर चढून सामान फोडलं. आयोजकांपैकी काहींना अटक झाली. तोच बँड दोन दिवसांनी बंगळुरूला वाजवून गेला आणि काही झालं नाही. बँड तोच, चाहते त्याच जातीचे. फरक व्यवस्थेत होता, आणि लोकांशी कोण कसं बोललं यात होता.

माझ्या अनुभवात गर्दीला पहिल्यांदा कारण सांगावं लागतं, मग वेळ द्यावा लागतो, मग वाट. गायकाला दोन मिनिटं बोलू द्यायचं होतं. त्याचं ऐकतात. पोलिसाचं, निवेदकाचं ऐकत नाहीत. तोवर मागचं फाटक उघडून पाठीमागच्या पब्लिकला बाहेर काढायचं, म्हणजे पुढचा दाब आपोआप उतरतो. मग शो पुढे चालवायचा की नाही ते ठरवा.

आणि पोरांना मी माफ करत नाही. खुर्ची मोडायला कोणाच्या छातीवर दाब आला नव्हता.

मिहानवाली

सर, गायक बोलला होता. दुसऱ्या गाण्यानंतर दोनदा म्हणाला, 'दोन पावलं मागे या.' पुढच्यांनी कुठे मागे यायचं? त्यांच्या मागे भिंतीसारखी माणसं. मागच्यांना तो बोलला तेच नीट कळलं नाही, कारण मागचे स्पीकर पुढच्यांच्या थोडे उशिरा वाजत होते आणि शब्दावर शब्द चढत होता. साउंडवाले दादा सांगतील.

डेन्मार्कला रॉस्किल्डच्या महोत्सवात २००० सालच्या जूनमध्ये पर्ल जॅम बँडच्या गायकानेही मागे सरकायला सांगितलं होतं, शो थांबवला होता, तरी नऊ मुलं गेली. तोपर्यंत उशीर झाला होता. आणि ह्यूस्टनला २०२१ च्या नोव्हेंबरात ॲस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात माणसं पडत असताना, अधिकाऱ्यांना कळल्यावरही, शो अर्ध्या तासाहून जास्त चालला. दहा जण गेले. तुमची 'आधी कारण सांगा, मग वेळ द्या' ही पद्धत मैदान रिकामं करताना ठीक असेल. चौथ्या रांगेत वेळ नसतो. मला तो हॅलोजन लागला तेव्हा देव दिसल्यासारखं वाटलं, कारण उजेड पडल्यावर मागच्यांना पहिल्यांदा आमचे चेहरे दिसले आणि दाब सैल झाला.

साउंडवाला

ताईंचं मागच्या स्पीकरचं बरोबर आहे. तसं झालं असेल तर तो आमच्या धंद्यातल्या माणसाचा आळस. मागच्या टॉवरला अंतराप्रमाणे वेळ जुळवून द्यावी लागते, नाहीतर बोललेलं कालवण होतं. गाण्यात खपून जातं, सूचनेत खपत नाही.

अजून एक. चौरस मीटरला चार माणसं असली की गर्दी, पण हलता येतं. सहा-सातच्या वर गेली की माणसं स्वतःच्या मर्जीने हलत नाहीत, पाण्यासारखी वाहतात. तेव्हा मागे हो म्हणून कोणी मागे होत नसतं, मग तो आयआयटीतला असो की अकरावी नापास. आणि अशा गर्दीत लोक बहुतेक वेळा तुडवून मरत नाहीत, उभ्याउभ्या गुदमरून मरतात.

बर्डीचा_राजू

ताई, तुमच्यासंगं जे झालं ते वाईट झालं. मी पुढच्या लोकांबद्दल नव्हतो बोलत. पण मागून दाब देणारे कोण होते? भूत होते का? ते बी पोट्टेच होते ना! पुढं काय होऊन राहिलं ते दिसत नाही, तरी रेटून राहिले. काहून? का व्हिडिओत गायक मोठा दिसला पाहिजे. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. गाणं ऐकायले कोणी आलंच नव्हतं. याले मी वेड म्हणतो अन् म्हणीन. आधी असं नव्हतं.

काठीवर मी ठाम आहे. पोलीस होते ना चाळीसेक? उभे राहून पाहत होते.

धंतोलीकर

राजूभाऊ, 'आधी असं नव्हतं' हे सोडा. रोलिंग स्टोन्स १९६४ च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा हॉलंडला गेले, हेगजवळच्या कुरहाउस हॉटेलमध्ये, आणि थोडी गाणी होताहोताच पोलिसांनी बंद केलं. झुंबरं फुटली, खुर्च्या फुटल्या. बीटल्सनी १९६६ साली दौरेच सोडून दिले. त्यांना किंकाळ्यांत स्वतःचं वाजवलेलं ऐकू येत नव्हतं. मोबाइल तेव्हा कोणाकडे होता?

गौतमी पाटीलचा तुमचा टोला मात्र बरोबर लागला. दोन्हीकडे माप एकच हवं. तिथेही पत्र्यावर माणसं चढतात कारण मैदानाच्या मानाने लोक चौपट बोलावलेले असतात आणि दिसत काही नाही.

वेड असतं, मी नाही म्हणत नाही. पण तेच तर आयोजक विकतो. जाहिरातीत काय लिहिलं होतं आठवा: 'नागपूर हलणार.' वेडाचे पैसे घ्यायचे आणि वेड आलं की पब्लिकवर ढकलायचं, हे चालणार नाही.

मॉरिस_कॉलेजवाला

काठीचा विषय निघाला म्हणून लिहितोय, एरवी मी इथे वाचण्यापुरता असतो.

राजू, तुझं वय माहीत नाही. तू बर्डीचा म्हणवतोस म्हणजे झिरो माइलजवळचं गोवारी स्मारक रोज बघत असशील, आणि आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपुलावरून जात असशील. २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन चालू होतं. गोवारी समाज अनुसूचित जमातीत घ्या म्हणून मोर्चा आला होता. खेड्यापाड्यातून ट्रकने, एसटीने आलेली माणसं, बायका कडेवर लेकरं घेऊन. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला मोर्चा अडवला होता. ताटकळत बसली होती माणसं, कोणी मंत्री येऊन निवेदन घेईल म्हणून. संध्याकाळी गर्दी रेटली, काठ्या चालल्या. पुढच्याला काठी बसली की तो मागे वळतो. मागे वळायला जागा नसली की तो मागच्याच्या अंगावर जातो. एका बाजूला कठडे, दुसऱ्या बाजूला काठी. ११४ माणसं मेली. बायका आणि लेकरं जास्त.

तिथे कोणी शर्ट काढून नाचत नव्हतं. कोणी कोणाचा फॅन नव्हता. गर्दीला वेड लागलं होतं असं तेव्हाही बोलणारे बोलले. मी तेव्हा कॉलेजात होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रस्त्यावर चपलांचा ढीग होता, त्यात बोटभर लांबीच्या प्लॅस्टिकच्या चपला होत्या, एवढं सांगतो.

शनिवारी जे चाळीस पोलीस नुसते उभे राहिले, त्यांच्यातल्या ज्या कोणी काठी न उगारायचं ठरवलं, त्याला मी सलाम करतो. आपल्या शहराला हे पुस्तकातून शिकायची गरज पडू नये.

निवृत्त_ठाणेदार

साहेब, मी खात्यातला माणूस आहे, तरी तुमच्या या प्रतिसादावर मला काही बोलायचं नाही. कोंडलेल्या गर्दीवर बळ वापरायचं नसतं. आधी वाट, नंतर बळ.

बर्डीचा_राजू

काका, काठीचं मागं घेतो. बाकीचं नाही.

लष्करीबाग

मला एक सांगायचं होतं. नागपूरला गर्दी सांभाळता येत नाही असं जे कोणी ग्रुपवर लिहितात त्यांनी दसऱ्याला दीक्षाभूमीवर येऊन बघावं. १९५६ पासून दरवर्षी लाखो माणसं येतात. तिकीट नाही, बाउन्सर नाही. समता सैनिक दलाची पोरं-पोरी हातात दोरी आणि शिट्टी घेऊन उभी असतात. मी स्वतः कॉलेजात असताना तीन पाळ्या केल्यात. स्तूपाला चार दिशांना चार दारं आहेत, आणि माणूस एकीकडून आत गेला की तो दुसरीकडून बाहेर पडेल हे बघायचं, आमचं मुख्य काम तेवढंच. म्हातारी बाई मध्येच थांबून हात जोडते, तिला हळूच बाजूला घ्यायचं. ओरडायचं नाही. रात्रीच्या पाळीला चहा आणि मुर्रा मिळायचा.

पुस्तकांच्या स्टॉलपाशी मात्र कोंडी होते, ती आम्हालाही कधी नीट जमली नाही.

साउंडवाला

जय भीम दादा. पण तुलना पूर्ण जुळत नाही. तिथे माणूस वाहतं असतं, दर्शन घेतो आणि सरकतो. शोमध्ये माणूस तीन तास एका जागी असतो आणि सगळ्यांना तीच वीस फूट जागा पाहिजे असते.

लष्करीबाग

म्हणूनच तर शोला जास्त पोरं लावायला पाहिजेत, कमी नाही. तिथे किती स्वयंसेवक होते?

मिहानवाली

बॅरिकेडच्या आत बाउन्सर होते. तोंड स्टेजकडे. अर्धे स्वतःच मोबाइलवर रेकॉर्ड करत होते.

सोमलवाड्याच्या_काकू

मागचं फाटक शेवटी उघडलं ते कोणी, माहीत आहे का? केटरिंगच्या माणसाने. बाउन्सरकडे किल्ली नव्हती. मी गच्चीवरून बघत होते. त्याने कढई उलटी करून त्यावर उभं राहून कडी काढली आणि पोरं भांडी घासायच्या जागेतून, खरकट्यातून बाहेर आली. ॲम्ब्युलन्स सर्व्हिस रोडवर अडकली होती, कारण दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. दोन पोरींना आमच्या ओट्यावर बसवलं, लिंबूपाणी दिलं. चांगल्या घरच्या होत्या, काकू काकू करत होत्या. त्यांच्यावर माझा राग नाही. लॉनवाल्यावर आहे.

धंतोलीकर

काकू, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत! बाहेर पडायच्या वाटेला कुलूप, ही एकच गोष्ट पुरेशी आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात कोचीच्या विद्यापीठात चार जण गेले, तेव्हा शो सुरूही झाला नव्हता. पाऊस आला, बाहेरचे लोक एकदम आत आले, आत उतरायला पायऱ्या. वेड तिथे कुठे होतं? एक दार आणि उतार, बस.

ठाणेदार साहेब, तुमचा 'कसं थांबवलं' हा मुद्दा मला पटला नाही, पण त्यातलं मागचं फाटक पटलं. ते उघडं असतं तर तुमच्या पद्धतीने थांबवता आलं असतं. कुलूप असताना मिहानवालीचं खरं: लगेच दिवे लावणं हाच मार्ग होता.

तिकिटाच्या पैशांबद्दल अनेकांनी निरोपातून विचारलं. तिकीट विकणाऱ्या कंपनीचा मेल आलाय की कार्यक्रम 'सुरू झाला असल्याने' परतावा मिळणार नाही. अडीच गाण्यांना ९९९ रुपये. ग्राहक आयोगात जाता येईल, तिकिटाचा मेल आणि पैसे भरल्याची नोंद जपून ठेवा.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतोय. परवानगीच्या कागदावर किती माणसांचा आकडा लिहिला होता, आणि त्या आकड्याला किती दारं लागतात हे कोणी तपासलं का, एवढंच विचारणार. विकलेल्या तिकिटांचा आणि वाटलेल्या पासचा आकडा आयोजकाकडून मिळणं अवघड आहे, पण करमणुकीच्या परवान्यासाठी काही ना काही लिहून दिलं असणारच. ठाणेदार साहेब, अर्ज कोणाच्या नावे करायचा?

निवृत्त_ठाणेदार

पोलीस आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. अग्निशमन विभागाचं ना-हरकत पत्र महापालिकेकडून वेगळं मागा. त्यात बाहेर पडायच्या वाटांचा उल्लेख असतो. मागच्या फाटकाचा उल्लेख असेल आणि त्याला कुलूप असेल, तर तुमचं काम झालं. आणि माझं मत अजून तेच आहे, थांबवण्याची पद्धत चूक होती.

बर्डीचा_राजू

धंतोलीकर भाऊ, टॉवरवर चढलेल्या पोट्ट्यांचा व्हिडिओ आहे माझ्याजवळ. एकाचा चेहरा साफ दिसून राहिला. अर्जाले तो बी जोडा. फक्त लॉनवाल्याचाच हिशोब नको.

धंतोलीकर

पोलिसांकडे वेगळी तक्रार करा राजूभाऊ, माझी सही घ्या खाली. माहिती अर्जात ते बसत नाही.

सोमलवाड्याच्या_काकू

आज सकाळी लॉनच्या कमानीवर नवं बॅनर लागलंय. पुढच्या महिन्यात डीजे नाइट. पास लॉनच्या ऑफिसात मिळतील असं लिहिलंय.

धंतोलीकर

काकू, फोटो टाका. तारीख दिसेल असा.